वास आला म्हणजे तो गेला: सेंट आणि अत्तर टिकवायचं कसं

लग्नसराईत आपल्या बेळगावच्या सीमाभागात एक तक्रार हमखास ऐकू येते. "एवढा महागाचा सेंट, घरातून निघताना घमघमत होता, आणि कार्यालयात अक्षता पडेपर्यंत पत्ताच नाही की!" मग पुढच्या लग्नाला चारच्या जागी दहा फवारे मारले जातात. शेजारच्या खुर्चीतल्या पाहुण्याचं डोकं उठतं, बाटली भराभर रिकामी होते आणि तक्रार तिथंच राहते. फवारे वाढवून हा प्रश्न सुटत नाही, कारण तो किती लावलं याचा नसून ते किती वेगाने उडतं याचा आहे.

वास येतो म्हणजे नेमकं काय होतं, ते आधी बघू. सेंटचे रेणू कातडीवरून सुटतात, हवेत मिसळतात आणि श्वासाबरोबर नाकाच्या वरच्या भागातल्या वासाच्या पेशींपर्यंत पोचतात. तिथं पोचलेला रेणू काही परत मनगटावर येत नाही. जो वास आला, तो अंगावरून गेला. उलट जे रेणू कातडीला चिकटून बसलेत, त्यांचा वास कुणालाच येत नाही. म्हणजे दरवळ आणि टिकाऊपणा एकाच साठ्यातून खर्च होतात. पगार तोच, एक तारखेला उधळायचा की महिनाभर पुरवायचा, एवढंच आपल्या हातात असतं. "लांबपर्यंत दरवळलं पाहिजे आणि रात्रीपर्यंत टिकलंही पाहिजे" असं म्हणणाऱ्याने यातलं आपल्याला जास्त काय हवंय ते आधी ठरवावं.

बाटलीत बहुतांश अल्कोहोल असतं आणि त्यात विरघळवलेलं सुगंधी तेल. अल्कोहोल कातडीवर पडताच काही सेकंदांत उडतं आणि जाताना सुरुवातीचा तो जोरदार भपका देतं. मागे राहतं ते तेल. हे तेल किती आहे, यावर नावं ठरतात. ओ द कोलोनमध्ये साधारण २ ते ५ टक्के, ओ द टॉयलेटमध्ये ५ ते १५ टक्के, ओ द परफ्यूममध्ये १५ ते २० टक्के आणि नुसतं 'परफ्यूम' किंवा 'एक्स्ट्रे' म्हणून विकलं जातं त्यात २० टक्क्यांच्या वर. हे आकडे ढोबळ आहेत, कंपन्या थोडं इकडंतिकडं करतात. पण खोक्यावरची ही बारीक अक्षरं वाचली तरी निम्मा उलगडा होतो. कोलोन दोनेक तासांत ओसरलं तर ते खोटं निघालं असं नव्हे, ते तेवढ्यासाठीच बनवलेलं असतं. बॉडी मिस्ट म्हणून मोठ्या बाटल्यांत मिळतं ते तर त्याहून पातळ. डिओचं काम वेगळंच, घामाचा वास रोखणं. खरं तर ताज्या घामाला फारसा वास नसतो. कातडीवरचे जिवाणू त्यातले घटक तोडतात, तेव्हा तो यायला लागतो. त्या वासावर कितीही उंची सेंट मारा, दोन्ही मिळून तिसराच प्रकार होतो. कर्नाटक एसटीच्या भरलेल्या बसमध्ये उभं राहून प्रवास केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता तेलाच्या आतलं बघू. एका सेंटमध्ये अनेक वेगवेगळे सुगंधी घटक असतात आणि ते सगळे एका वेगाने उडत नाहीत. लिंबू-संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन हलकं असतं, ते आधी पळतं. गुलाब, मोगरा, लवंग-वेलदोड्याच्या जातीचे वास मधल्या काळात राहतात. चंदन, वाळा, कस्तुरीच्या धर्तीचे घटक, व्हॅनिला हे शेवटपर्यंत रेंगाळतात. रेणू जड असला की तो सावकाश उडतो, हा साधारण हिशेब. लिमोनीनचा रेणुभार १३६, चंदनातल्या सँटालॉलचा २२०. पण नुसत्या वजनावर जाऊ नये. व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन अवघ्या १५२ रेणुभाराचं असूनही चिवट असतं, कारण त्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात.

म्हणून दुकानात बाटलीच्या तोंडाशी किंवा कागदाच्या पट्टीवर पहिल्या क्षणी जे हुंगतो, ते घेऊन आपण घरी जातच नाही. घरी येतो तो नंतरचा वास. बेळगावच्या खडे बाजारात सेंट बघायचं असेल तर एका मनगटावर एक फवारा घ्यावा, दुकानदाराला "येतो" म्हणावं आणि गणपत गल्लीत जाऊन बाकीचा बाजार उरकावा. अर्ध्या-पाऊण तासाने मनगट नाकाशी न्यावं. तेव्हा आवडलं तर परत जाऊन घ्यावं. दुकानदार नाराज होतो, होऊ दे. एका वेळी चार-पाच वास हुंगले की नाक गोंधळतं. त्यावर काही ठिकाणी कॉफीच्या बिया समोर धरतात, पण त्यांचा साध्या हवेपेक्षा जास्त फायदा होतो असं प्रयोगात दिसलेलं नाही. दुकानाच्या पायरीवर दोन मिनिटं उभं राहिलं तरी पुरतं.

कोरड्या अंगाला काही टिकत नाही

सगळ्यात जास्त फरक पडतो तो इथं, आणि याच्याकडेच सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. सुगंधी तेल तेलकट पदार्थात मुरतं आणि त्यातून हळूहळू सुटतं. कातडी कोरडी असेल तर त्याला धरून ठेवायला तिथं काही नसतं. दिवाळीत पहाटे अभ्यंग करतो तेव्हा अंगाला आधी तेल जिरवतो, मग चंदन, वाळा, नागरमोथा, कचोरा असलेलं उटणं लावतो. आंघोळीनंतर बराच वेळ अंगाला तो मंद वास येत राहतो. उटण्यातले हे घटक मुळात रेंगाळणारे आणि खाली तेलाचा अस्तर; दोन्ही गोष्टी जुळून आलेल्या असतात. सेंटला हेच द्यायचं.

आंघोळ झाली की अंग टिपून घ्यावं, कातडी किंचित ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर लावावं आणि पाच-दहा मिनिटांनी त्यावर सेंट. मॉइश्चरायझर नसेल तर जिथं सेंट लावणार तिथं बोटाच्या टोकावर येईल एवढं व्हॅसलीन पुसावं. खोबरेल तेलही चालतं, पण घाण्याच्या खोबरेलाला स्वतःचा चांगला दणदणीत वास असतो आणि नाजूक फुलांचा सेंट त्याच्याखाली दबतो. साबणाचंही तसंच. चंदनाच्या साबणाने आंघोळ करून चंदन-गुलाबाच्या जातीचं काही लावलं तर एकमेकांना पूरक होतं. त्यावर समुद्री वाऱ्याचा वास म्हणून विकलं जाणारं काहीतरी मारलं तर दोन माणसं एकदम बोलल्याचा भास होतो.

पुरुष मंडळी दाढी केल्या केल्या गळ्यावर फवारतात. अल्कोहोलने झोंबतं ते वेगळं, पण नुकतीच खरवडलेली कातडी सुगंधी रसायनांनी लवकर चिडते. गळा सोडून दुसरी जागा निवडावी.

जागा कुठली

नाडीच्या जागी लावा, हा सल्ला सगळीकडे मिळतो: मनगट, कानामागे, गळा, कोपराची आतली बाजू. तिथं रक्तवाहिन्या वर असतात, कातडी उबदार राहते, उबेने वास सुटतो. हे बरोबर आहे, पण अर्धंच. उबेने वास सुटतो म्हणजे लवकर खर्चही होतो. दरवळ हवा असेल तर मनगट आणि गळा ठीक. टिकायला हवं असेल तर कपड्याखालची जागा घ्यावी: छाती, पोटाचा वरचा भाग, कोपराची आतली घडी. कापड वारा अडवतं, वास सावकाश बाहेर पडतो आणि आपण हललो की गळपट्टीतून वर येतो. मनगटाला आणखी एक शाप आहे. लग्नाच्या पंगतीत जेवणाआधी, जेवणानंतर हात धुतले की गेलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवात अत्तर हाताच्या पाठीवर लावतात, गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडतात. टिकण्याच्या हिशेबाने हाताची पाठ ही वाईट जागा आहे. उघडी, वाऱ्यावर, सतत धुतली जाणारी. पण तिथं अत्तर टिकावं हा हेतूच नसतो. आलेल्या बाईने हात नाकाशी न्यावा, "केवडा आहे होय?" म्हणावं आणि बसावं, एवढं त्याचं काम, आणि ते चोख होतं.

खरी हुशारी आहे ती कानातल्या फायात. कापसाच्या बारीक बोळ्यावर अत्तराचा थेंब घेऊन तो कानाच्या वरच्या घडीत खोचायचा, ही आजोबा मंडळींची पद्धत. आता ती हसण्यावारी नेली जाते, पण आपल्या विषयातलं जवळजवळ सगळं शास्त्र तिच्यात आहे. कापूस तेल शोषून घेतो आणि बाहेरच्या तंतूंवरून थोडं थोडं सोडतो. कानाच्या घडीत ऊब असते पण थेट वारा लागत नाही. हात धुतल्याने, तोंड पुसल्याने तिथलं अत्तर जात नाही. कातडीला तेलाचा थेट स्पर्श कमी, त्यामुळं जळजळही कमी. शिवाय भेटायला येणारा माणूस कानाजवळच येतो. फक्त फाया वरच्या घडीतच ठेवायचा, कानाच्या भोकात नाही. अत्तर आत उतरलं तर आग होते.

मनगटावर फवारून दोन्ही मनगटं एकमेकांवर घासायची सवय जवळजवळ प्रत्येकाला असते. "घासलं की रेणू तुटतात" असं यावर सांगितलं जातं, ते खरं नाही. हातांच्या घर्षणात तेवढी ताकद नसते. पण घासल्याने ऊब येते, थर पातळ पसरतो, काही भाग दुसरीकडं पुसला जातो, आणि वरचे हलके वास आणखी लवकर जातात. बाटली साधारण एक वीत लांब धरावी, एका जागी एक फवारा मारावा आणि ते आपोआप वाळू द्यावं. हवेत फवारून त्या ढगातून चालत जाण्याचा प्रकार छान दिसतो, पण बहुतेक माल फरशीवर पडतो.

आपली हवा

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. त्यामुळं इथली हवा कोकणासारखी चिकट नाही आणि विजापूरच्या बाजूसारखी भाजणारीही नाही. तरी एप्रिल-मेची दुपार कडक असतेच, आणि नेमकी तेव्हाच लग्नं असतात. उष्णतेने सगळंच वेगाने उडतं. वास जोरात येतो आणि लवकर संपतो. गोड, जड, व्हॅनिला-मसाल्याचे सेंट या हवेत अंगावर येतात. उन्हाळ्यात मी वाळ्याच्या बाजूने आहे. वाळ्याच्या मुळांचं तेल जड असतं, टिकतं, आणि तरीही वास थंड, मातकट वाटतो. हलकं वाटणारं पण हलकं नसणारं असं फार थोडं असतं.

खानापूरहून बेळगावला दुचाकीवर यायचं असेल तर निघताना सेंट लावण्यात काही अर्थ नाही. वाटेवरचा वारा तुमच्या अंगावरचा वरचा थर घेऊन जातो. कार्यालयाच्या दारात उतरा, घाम टिपा, मग लावा. छोटी फवारणी-कुपी खिशात ठेवणं ही फसवणूक नव्हे. रात्रभर चालणाऱ्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत तर एकदा लावलेलं पहाटेपर्यंत पुरवणारी युक्ती जगात नाही.

पावसाळ्याचा प्रश्न निराळा. जांबोटी, कणकुंबीकडं पाऊस लागला की कपडे दिवसचे दिवस वाळत नाहीत आणि त्यांना कुबट वास धरतो. दमट हवेत वास नाकाला जास्त जाणवतात, चांगले आणि वाईट दोन्ही. कुबट शर्टावर सेंट म्हणजे घामावर सेंट. अशा वेळी कपडे इस्त्रीने पूर्ण कोरडे करावेत आणि सेंट फक्त अंगाला लावावं, तेही नेहमीपेक्षा कमी. थंडीत उलटं होतं. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी वास अंगाला धरून बसतो, फारसा सुटत नाही. तेव्हा जड, गोड वास उपयोगी पडतात, आणि कातडी उलत असल्यामुळं खाली व्हॅसलीन हवंच.

आता नाकाचं. "टिकत नाही" या तक्रारीतल्या बऱ्याच तक्रारी मुळात नाकाच्या असतात. सतत येणारा वास मेंदू काही मिनिटांत बाजूला सारतो. निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्याला वखारीचा वास जाणवत नाही. बाहेरून आलेला पाहुणा मात्र दारातच शिंकतो. सेंट गळ्याखाली, थेट नाकासमोर लावलं की हेच होतं. स्वतःला येईनासं झालं म्हणून माणूस परत मारतो, आणि दोन तासांत आजूबाजूचे खिडकी उघडतात. म्हणून एक फवारा मानेच्या मागच्या बाजूला मारावा. आपलं नाक सुटतं, मागून येणाऱ्याला वास येतो. टिकलंय की नाही हे स्वतः हुंगून ठरवू नये, घरातल्या कुणाला तरी विचारावं. "काकू, येतोय का गं वास?" या प्रश्नाला आपल्याकडं मिळणारं उत्तर फार प्रामाणिक असतं.

कापडावर वास कातडीपेक्षा जास्त टिकतो, कारण तिथं ऊब नाही, घाम नाही. सुती रुमाल किंवा शर्टाची आतली बाजू यासाठी उत्तम. रेशमावर मात्र नको. शहापूर-वडगावच्या मागावरची साडी असो की पैठणी, अल्कोहोलने रंगावर डाग येऊ शकतो, जरीचं काम काळवंडू शकतं आणि तेलाचा ठिपका तर जातच नाही. पांढऱ्या सदऱ्यावर व्हॅनिला असलेले सेंट कालांतराने पिवळट-तपकिरी डाग पाडतात, व्हॅनिलिनचा तो गुणच आहे. मोत्यांची नथ, तन्मणी हे सेंट वाळल्यावरच घालावेत. मोत्याची झळाळी अल्कोहोल आणि तेलाने मंद होते.

केसही वास चांगला धरतात, पण अल्कोहोलने कोरडे पडतात. कंगव्यावर एक फवारा मारून, तो वाळू देऊन मग केसांतून फिरवावा. नाहीतर सरळ गजरा माळावा. मोगऱ्याची फुलं तोडल्यावरही सुगंध तयार करत राहतात आणि कळ्या संध्याकाळी उमलतात. दुपारी घेतलेला कळ्यांचा गजरा रिसेप्शनच्या वेळी ऐन भरात येतो. बाटलीतल्या सेंटचा साठा लावल्या क्षणापासून कमीच होत जातो, गजऱ्याचं काही तास उलटं चालतं. आपल्याकडं कन्नड आणि मराठी घरांचं एकमत व्हायला वेळ लागतो, पण गजऱ्यावर ते केव्हाच झालंय. गजरा असेल त्या दिवशी सेंट अगदी बेताचं, किंवा नकोच.

अत्तराचं गणित वेगळं

अत्तरात अल्कोहोल नसतं. उत्तर प्रदेशातल्या कनौजची जुनी रीत अशी: तांब्याच्या देगीत फुलं आणि पाणी घालून तोंड मातीने लिंपतात, खाली मंद आच ठेवतात, वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या भांड्यात उतरते, आणि त्या भांड्यात आधीच चंदनाचं तेल ठेवलेलं असतं. फुलांचा हलका वास त्या जड तेलात अडकतो. गुलाबाचं अत्तर तासन् तास राहतं यात गुलाबाइतकंच श्रेय चंदनाला जातं. हे चंदन आपल्याच राज्याचं वैभव. म्हैसूरला चंदन तेलाचा सरकारी कारखाना १९१६ मध्ये सुरू झाला. चंदनाचं तेल आता इतकं महाग आहे की स्वस्त अत्तरात त्याच्या जागी पॅराफिनचं तेल किंवा दुसरे रासायनिक द्रव असतात. शंभर रुपयांच्या कुपीवर 'शुद्ध चंदन' लिहिलेलं असलं तरी ते वाचून हसावं आणि वास आवडला तर घ्यावं. कनौजला भाजलेल्या मातीपासूनही अत्तर काढतात, पहिल्या वळवाचा वास. खानापूरच्या वीटभट्ट्यांशेजारी राहणाऱ्यांना तो दरवर्षी फुकट मिळतो.

अत्तर फवारायचं नसतं. कुपीच्या काडीने एक थेंब घ्यावा, बोटाने दाबून दोन-तीन जागी टेकवावा. ते लांब जात नाही, जवळ येणाऱ्यालाच कळतं, पण टिकतं. दोन्ही हवं असेल तर त्याच जातीचं अत्तर खाली आणि सेंट वर, हा मार्ग आहे. खालचं तेल वरच्याला धरतं.

थोडी सावधगिरी. बर्गामॉट (एक लिंबूवर्गीय फळ), लिंबू यांची नैसर्गिक तेलं असलेलं सेंट उघड्या कातडीवर लावून कडक उन्हात गेलं तर काळे डाग पडू शकतात. देवघरात निरांजन लावताना किंवा गॅसजवळ उभं राहून फवारू नये, अल्कोहोल पेट घेतं. बाळाला घ्यायचं असेल, दवाखान्यात भेटायला जायचं असेल, घरात कुणाला दमा असेल, तर त्या दिवशी बाटली कपाटातच राहू दे.

आणि कपाटातच राहू दे, न्हाणीघरातल्या फळीवर नको, गाडीच्या डिकीत तर मुळीच नको. ऊन, उष्णता आणि हवा या तिघांनी सेंट बिघडतं. आधी लिंबूवर्गीय वास आंबूस होतात, मग रंग गडद होतो. मूळ खोक्यात, अंधारात ठेवलं तर तीन-चार वर्षं सहज चांगलं राहतं. बाटली अर्ध्याच्या खाली गेली की आत हवा जास्त होते आणि बिघाडाला वेग येतो, म्हणून ती आधी संपवावी आणि भेट आलेल्या नव्या बाटलीचं सील तोवर तसंच ठेवावं.